हाड राखणारी औषधे आणि मुखातील हाडाची झीज



वर्षभराच्या रुग्णसेवेचा तपशील सादर करताना एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा प्रघात आम्ही या अहवालात पाळत आलो आहोत. यंदाचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्याकडे चालत आला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

अहवाल वर्षाच्या आरंभी आमच्या एका जुन्या देणगीदारांचे पत्र आले. त्यांच्या मातोश्रींचे सर्व दात पन्नाशीतच पायरियाने गेले होते आणि उरलेले आयुष्य त्यांनी सैल कवळीवर काढले. पुढे या गृहस्थांच्या पत्नीस हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एक गोळी सुरू झाली. जी गोळी मणक्याचे व कमरेचे हाड राखते, ती जबड्याचे हाडही राखेल, मग दात पडणारच नाहीत, असा विचार त्यांच्या मनात आला. मातोश्रींच्या स्मरणार्थ आमच्या दंतविभागातील गरजू रुग्णांना या गोळ्या विनामूल्य मिळाव्यात म्हणून त्यांनी एक भरीव रक्कम देऊ केली.

अशा पत्राला आमच्या कार्यालयातून त्याच दिवशी आभाराचे उत्तर आणि पावती जाते. या वेळी मात्र पावती काही आठवडे थांबली. विशिष्ट कारणासाठी स्वीकारलेली देणगी त्याच कारणासाठी खर्च करणे आमच्यावर बंधनकारक असते. म्हणून रक्कम घेण्यापूर्वीच ते कारण योग्य आहे का, हे पाहणे आवश्यक होते. हे टिपण लिहिणारे आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकाचे आमचे ज्ञान ऐकीव. परंतु आमच्या दंतवैद्यांनी आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी आम्हांस जे समजावून दिले, ते आपल्यापर्यंत पोहोचवणे हे आमचे कर्तव्य आहे.

दात का हलतात?

दात हलू लागला की दोष दाताचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक कित्येकदा दात धडधाकट असतो. ढासळलेली असते ती त्याच्या मुळाभोवतीची जमीन. प्रत्येक दाताचे मूळ जबड्यातील हाडाच्या खोबणीत बसलेले असते आणि सूक्ष्म तंतूंनी त्या हाडाशी बांधलेले असते. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही तर त्याचे टणक किटण बनते. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. ही अवस्था पूर्ण बरी होण्याजोगी असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोल कप्पा तयार होतो, जंतू आत उतरतात आणि त्यांच्याशी लढताना शरीराने चेतवलेला दाहच शेवटी हाड खाऊ लागतो. या रोगास आपण पायरिया म्हणतो.

यात दुखणे फारसे नसते, हाच या रोगाचा मोठा कपटीपणा. रुग्ण येतो तेव्हा पुष्कळसे हाड गेलेले असते. मधुमेह आणि तंबाखू हे या रोगाचे दोन मोठे साथीदार. आपल्याकडे अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी मिश्री वापरतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तिने दात मजबूत होतात हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

हाडाचा जमाखर्च

हाड हे दगडासारखे निर्जीव असते, अशी आमचीही कल्पना होती. तज्ज्ञांनी ती दूर केली. हाड ही जिवंत पेढी आहे. तिच्यात एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवून खर्ची टाकतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड जमा करतात. पहिल्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, दुसऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. तारुण्यात जमा अधिक असते, मध्यम वयात दोन्ही बाजू जुळतात, उतारवयात, विशेषतः स्त्रियांची पाळी थांबल्यावर, खर्च वाढतो. खर्चाची बाजू सातत्याने वरचढ राहिली की हाडे ठिसूळ होतात.

पायरियातही हाड खाणाऱ्या पेशी याच असतात. फरक एवढाच की तेथे त्यांना कामास लावणारा हुकूम वयाकडून वा संप्रेरकांकडून येत नाही, हिरडीतील दाहाकडून येतो. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

औषधाचा जन्म

बिस्फॉस्फोनेट हे या औषधांचे कुलनाम. त्यांची कथा मोठी रंजक आहे. पाण्यातील क्षार नळांत व भांड्यांत साचू नयेत म्हणून पायरोफॉस्फेट जातीची रसायने पूर्वीपासून वापरली जात. शरीरातही पायरोफॉस्फेट असते आणि नको तेथे चुना साचण्यास ते प्रतिबंध करते, असे स्वित्झर्लंडमधील वैद्यक संशोधक हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवले. दातांवर किटण बसू नये म्हणून काही टूथपेस्टमध्ये पायरोफॉस्फेट आजही असते. मात्र पोटात घेतल्यास ते टिकत नाही, त्याचे विघटन होते. म्हणून त्याच घडणीचे पण न तुटणारे संयुग शोधले गेले, आणि १९६९ मध्ये या नव्या संयुगांच्या गुणांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले.

ही संयुगे हाडातील खनिजाला घट्ट चिकटतात. ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड विरघळवू लागल्या की हाडासोबत औषधही त्यांच्या पोटात जाते आणि त्या निकामी होतात. थोडक्यात, खर्च करणाऱ्या कारकुनाचीच लेखणी काढून घेतली जाते. ॲलेंड्रोनेट या औषधाला १९९५ मध्ये अमेरिकेत ठिसूळ हाडांच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर रायसेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड ही नावे रुढ झाली. या औषधांनी मणका व खुब्याचे अस्थिभंग कमी होतात, हे निर्विवाद आहे. खुबा मोडल्यावर अंथरुणास खिळलेले वृद्ध ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना या उपकाराचे मोल सांगावयास नको.

आशा आणि परीक्षा

एवढे ऐकल्यावर आमच्या देणगीदारांचा विचार चुकीचा वाटत नाही. तो संशोधकांनाही सुचला होता. १९९० च्या दशकात प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत, कृत्रिमरीत्या उत्पन्न केलेल्या हिरडीरोगात, अशा औषधांनी हाडाची झीज कमी झाल्याचे दिसले. २००१ पासून रुग्णांवरील लहान चाचण्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध होऊ लागले. २००५ मधील एका अभ्यासात हिरड्यांच्या नेहमीच्या उपचारासोबत एक वर्ष या गोळ्या घेतलेल्या रुग्णांच्या हिरड्या अधिक सुधारल्या.

मग मोठी परीक्षा झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३५ रुग्णांचा समावेश होता. काहींना दर आठवड्यास ७० मिलीग्रॅम ॲलेंड्रोनेट आणि इतरांना दिसण्यात तशीच, परंतु औषध नसलेली गोळी दोन वर्षे दिली गेली. एकंदर रुग्णांचा विचार करता दोन्ही गटांच्या हाडात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. ज्यांच्या जबड्याच्या हाडाची घनता मुळातच कमी होती, त्या उपगटात मात्र काही लाभ दिसला.

दुसरा मार्ग आपल्याच देशात चोखाळला गेला. बंगळूर येथील शासकीय दंत महाविद्यालयातील संशोधकांनी एक टक्का ॲलेंड्रोनेटचे जेल तयार करून, हिरडीखालील सफाईनंतर ते थेट कप्प्यात सोडण्याचा प्रयोग केला. २०१२ मध्ये व त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत कप्प्यांची खोली कमी झाली आणि हाडातील खड्डे काही प्रमाणात भरले. आपल्या शेजारच्या राज्यातील हे काम अभिमानास्पद आहे. परंतु जेलविषयीच्या चाचण्या लहान असून बहुतेक एकाच संशोधकगटाच्या आहेत. वाणिज्याच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच हिशेबनिसाने लिहिलेले आणि दुसऱ्याने न तपासलेले ते खाते आहे. खाते खोटे आहे असा याचा अर्थ नाही; लेखापरीक्षण व्हावयाचे आहे, एवढाच आहे.

हा सर्व पुरावा एकत्र तोलून युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हिरडीखालील सफाईस जोड म्हणून बिस्फॉस्फोनेट गोळीच्या रूपाने वा जेलच्या रूपाने वापरू नये, अशी स्पष्ट शिफारस त्यांत आहे.

याचे कारण सामान्य माणसासही पटण्यासारखे आहे. घराच्या भिंतीत ओल मुरत असेल तर नुसता गिलावा केल्याने भिंत टिकत नाही. आधी गळका नळ दुरुस्त करावा लागतो. गोळी हाड खाणाऱ्या पेशींना थोपवते. त्यांना बोलावणारे किटण आणि जंतू जेथल्या तेथे राहतात.

नाण्याची दुसरी बाजू

औषध निरुपयोगी ठरले तर पैसा वाया जाईल, एवढाच प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. प्रश्न त्याहून गंभीर आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी अशा औषधांची इंजेक्शने घेतलेल्या ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या जबड्याचे हाड मृत होऊन हिरडीबाहेर उघडे पडले होते. पुढील वर्षी दुसऱ्या एका गटाने अशा ६३ रुग्णांची माहिती दिली. जुन्या वैद्यांना यात एकोणिसाव्या शतकातील आगकाड्यांच्या कारखान्यांची आठवण झाली. तेथील कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी सडत असत, आणि १९०६ च्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये तशा काड्यांवर बंदी आणली गेली. दोन्ही रसायने भिन्न आहेत, पण जबड्याची दशा मिळतीजुळती आहे.

जबडाच का? जबड्यावर हिरडीचे पातळ आवरण असते, तोंड जंतूंनी भरलेले असते, आणि दात काढल्यावर हाडाला स्वतःची जलद डागडुजी करावी लागते. डागडुजीसाठी जुने हाड काढून टाकणाऱ्या पेशीच निकामी असतील तर जखम भरावी कशी? त्यातच हे औषध हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते; ॲलेंड्रोनेटचा अंश निम्मा होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, ठिसूळ हाडांसाठी गोळी घेणाऱ्यांत ही व्याधी दहा हजारांत सुमारे दोन ते पाच जणांना होते. कर्करोग हाडात पसरल्यामुळे मोठ्या मात्रेत व वारंवार इंजेक्शने घेणाऱ्यांत मात्र तिचे प्रमाण शेकडा पाचपर्यंत जाऊ शकते. ज्याचा खुबा मोडण्याचा धोका आहे, त्याच्यासाठी गोळीचा लाभ या जोखमीहून कितीतरी मोठा आहे. परंतु ज्याचे हाड ठिसूळ नाही, केवळ हिरडीचा रोग आहे, त्याने ही जोखीम कोणत्या लाभासाठी पत्करावी?

आमच्या स्वतःच्या चुकीविषयी

काही वर्षांपूर्वीची एक घटना येथे नमूद करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. साठी उलटलेल्या एक निवृत्त शिक्षिका हलणारी दाढ काढून घेण्यासाठी आमच्या दंतविभागात आल्या. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सर्व रकाने भरले गेले. कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नास त्यांनी दोन गोळ्यांची नावे सांगितली. दाढ निघाली.

दोन महिने उलटले तरी जखम भरेना. हिरडीतून पिवळसर पांढरे हाड दिसू लागले. तेव्हा खोलात विचारणा झाली आणि कळले, की स्तनाच्या कर्करोगासाठी परगावच्या रुग्णालयात त्यांना दरमहा झोलेड्रोनिक ॲसिड दिले जात होते. घरी रोज घेतो ते औषध. महिन्यातून एकदा रुग्णालयात सलाइनमधून मिळते ते औषध म्हणून सांगावयाचे, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. आमच्या केसपेपरवर त्यासाठी रकानाही नव्हता.

पुढील नऊ महिने त्या बाई मऊ भात, पेज आणि ताक यांवर राहिल्या. जंतुनाशक चुळा, प्रतिजैविके, शेवटी मृत हाडाचा तुकडा काढण्याची लहान शस्त्रक्रिया, असे करता करता जखम भरली. आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रश्नपत्रिकेत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने लिहिले नाही, तर गुण कापायचे कोणाचे?” हे वाक्य आमच्या कार्यालयात आजही वारंवार उच्चारले जाते.

त्याच आठवड्यात केसपेपर बदलला. त्यावर आता ठळक अक्षरांत प्रश्न आहे: “हाडांसाठी वा कर्करोगासाठी कधी गोळी, इंजेक्शन किंवा सलाइन घेतले आहे काय? असल्यास केव्हा?” एक ओळ छापण्यास जो खर्च आला, तो आमच्या हिशेबवहीत वेगळा दाखवण्याइतकाही नव्हता. ती ओळ आधी नसल्याची किंमत मात्र एका रुग्णाने नऊ महिने मोजली.

देणगीचे काय झाले?

हा सर्व अभ्यास घेऊन आम्ही देणगीदारांच्या घरी गेलो. आमचे म्हणणे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “माझ्या आईला त्या काळी काय मिळाले असते, तर तिचे दात वाचले असते?” आमच्यासोबत आलेल्या दंतवैद्य मॅडमनी उत्तर दिले, “हिरडीखालची नीट सफाई, घासण्याची शिकवण, आणि दर तीन-चार महिन्यांनी कोणीतरी पुन्हा तपासणे.”

देणगीचा हेतू त्या संध्याकाळी बदलला. त्या निधीतून दंतविभागासाठी ध्वनिलहरींवर चालणारी किटण काढण्याची नवी यंत्रे घेतली, गरजू मधुमेही रुग्णांची सफाई विनामूल्य सुरू झाली आणि उपचारानंतर फेरतपासणीस न येणाऱ्यांना दूरध्वनी करून बोलावण्यासाठी एका सेविकेची नेमणूक झाली. कर्करोगावरील उपचारास जाणाऱ्या रुग्णांची अशी औषधे सुरू होण्यापूर्वीच दंततपासणी करून देण्याची सोयही याच निधीतून झाली. दात आधी तपासून, काढावयाचे ते काढून, जखमा भरू दिल्यास जबड्याचा धोका लक्षणीय घटतो, असे तज्ज्ञ सांगतात. गोळ्यांच्या पाकिटांची संख्या फलकावर झळकते. न पडलेल्या दातांची गणना कोणी करीत नाही. तरीही हा खर्च अधिक सत्कारणी लागला, असे आमचे नम्र मत आहे.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. ठिसूळ हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हा लेख वाचून बंद करू नये. दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅब इंजेक्शन तर सल्ल्यावाचून मुळीच थांबवू नये. ते थांबल्यावर हाडांची झीज वेगाने उसळते आणि मणक्याचे अस्थिभंग होऊ शकतात. डेनोसुमॅब बिस्फॉस्फोनेट नव्हे, परंतु जबड्याची तीच व्याधी त्यानेही संभवते.

२. ॲलेंड्रोनेटसारखी गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत अखंड गिळावी. ती चघळू वा तोंडात धरून ठेवू नये. तोंडात व्रण पडतात. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये.

३. दंतवैद्याकडे जाताना गोळ्यांसोबत इंजेक्शने व सलाइन यांचीही माहिती द्यावी. पूर्वी घेऊन बंद केलेली औषधेही सांगावीत.

४. अशी औषधे सुरू होण्यापूर्वी एकदा दात तपासून घ्यावेत. औषध चालू असताना दातांची सफाई व बहुतेक नेहमीचे दंतोपचार करता येतात. ते टाळल्याने धोका वाढतोच.

५. दात काढल्यानंतर काही आठवड्यांतही जखम भरली नाही, हाड टोचू वा दिसू लागले, पू आला किंवा ओठ बधिर वाटला, तर त्वरित दाखवावे.

६. हिरडीतून रक्त येणे ही पहिली सूचना समजावी. मिश्री, तंबाखू सोडावी. रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी.

विज्ञान थांबलेले नाही. हाड वाचवण्याऐवजी हाड वाढवणाऱ्या टेरिपॅराटाइड या औषधाचा हिरडीशस्त्रक्रियेस जोड म्हणून ४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे फळ आशादायक होते. उद्या मोठ्या व स्वतंत्र चाचण्यांनी एखाद्या औषधाचा लाभ सिद्ध झाला, तर ते गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी आम्ही आपल्यापुढे झोळी पसरण्यास संकोच करणार नाही. तोवर आपल्या विश्वासाची ठेव सिद्ध झालेल्या उपायांतच गुंतवणे आम्हांस उचित वाटते.

ज्या मातोश्रींच्या स्मरणार्थ हा निधी मिळाला, त्यांचे नाव लावण्याची विनंती आम्ही केली असता कुटुंबाने ती विनयाने नाकारली. दंतविभागात फेरतपासणीस आलेला रुग्ण पेरू चावून खातो, तेव्हा आम्हांस त्या माउलीची आठवण होते.

 

प्रशासन विभाग